दहावीची संयुक्त व्याख्यानमाला आणि सराव परीक्षा : सीमाभागातील एका पालकाचा अभिप्राय

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तीन तालुक्यांतील काही मराठी माध्यमाच्या हायस्कूलांनी एकत्र येऊन दहावीच्या मुलांसाठी व्याख्यानमाला आणि सराव परीक्षांचा जो उपक्रम चालवला आहे, त्यात माझी मुलगी गेल्या शैक्षणिक वर्षात सुरुवातीपासून अखेरपर्यंत सहभागी होती. आमचे गाव खानापूरच्या पश्चिम भागात आहे. ती आता बेळगावात पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला, विज्ञान शाखेत शिकते आहे. त्यामुळे या उपक्रमाचा दहावीपर्यंत झालेला उपयोग आणि दहावीनंतर जाणवलेली उणीव, या दोन्ही गोष्टी मला जवळून पाहता आल्या. यंदा ज्यांची मुले दहावीत आहेत आणि नोंदणी करावी की करू नये, असा ज्यांच्यापुढे प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. दहावीच्या परीक्षेसाठी निःशंकपणे नाव नोंदवावे. मात्र दहावीनंतरच्या शिक्षणाची तयारी या शाळांनी अजून हाती घेतलेली नाही, आणि ती हाती घेण्याची ताकद आज आपल्या भागात त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नाही.

दहावीची व्याख्यानमाला आपल्याकडे नवी नाही. युवक मंडळे, पतसंस्था, वाचनालये, माजी विद्यार्थी संघ अशा अनेकांनी ती वर्षानुवर्षे भरवली आहे, आणि देवळाच्या सभामंडपात बसून गणिताचे व्याख्यान ऐकलेली पिढी आज स्वतः पालक झाली आहे. त्या व्याख्यानमालांचे आपल्यावर ऋण आहे. पण नामवंत शिक्षक यायचे, दोन तास मन लावून शिकवायचे आणि पुढच्या गावाला निघून जायचे, असेच त्यांचे स्वरूप बहुधा राहिले. समोर बसलेल्या मुलाला काय समजले आणि कुठे अडले, हे पाहण्याची जबाबदारी कुणावरच नसे. या उपक्रमात शाळा स्वतः उतरल्या आहेत. शिकवणारे शिक्षक सहभागी शाळांमधलेच असतात, सोमवारी मूल ज्या वर्गात बसते त्या वर्गाला रविवारच्या तासाचा हिशेब माहीत असतो, आणि सराव परीक्षेतला गुण थेट वर्गशिक्षकांच्या वहीत पोहोचतो.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. महसुली दृष्टीने बेळगाव हा एकच जिल्हा असला, तरी शिक्षण खात्याच्या दृष्टीने त्याचे दोन जिल्हे आहेत : बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूर व बेळगाव तालुके पहिल्यात येतात आणि निपाणी दुसऱ्यात. दोन्हीकडे स्वतंत्र उपनिर्देशक, स्वतंत्र प्रशिक्षणे, स्वतंत्र वेळापत्रके. दहावीचा निकाल लागला, की राज्याच्या यादीत दोघांची नावेही वेगवेगळ्या क्रमांकावर येतात आणि वर्तमानपत्रांत त्यांची तुलना होते. या विभागणीत मराठी शाळा दोन्ही बाजूंना विखुरल्या गेल्या. प्रत्येक जिल्ह्यात त्या संख्येने थोड्या आणि दोन्हीकडे त्यांची अडचण मात्र एकच : मराठीतून सराव साहित्य वेळेवर मिळत नाही, निवृत्त झालेल्या विषय शिक्षकाची जागा भरली जात नाही, आणि शेजारच्या तालुक्यात त्याच विषयाचा उत्तम शिक्षक असूनही त्याचा उपयोग आपल्या मुलांना होत नाही. दोन शैक्षणिक जिल्ह्यांच्या सीमेवरून हात पुढे करून या शाळांनी एकमेकींची उणीव भरून काढायचे ठरवले, म्हणून मी या उपक्रमाकडे साध्या शिकवणी वर्गापेक्षा अधिक गांभीर्याने पाहतो.

या सगळ्याचे मर्म शिक्षक वाटून घेण्यात आहे. माझ्या मुलीच्या शाळेत गणिताचे कायम शिक्षक नाहीत; अतिथी शिक्षकावर काम चालते, आणि तो तरुण प्रामाणिक असला तरी दहावीचा वर्ग त्याच्यासाठी नवा होता. उपक्रमात गणिताचे प्रकरण न् प्रकरण निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांनी आपापसांत वाटून घेतले होते. त्रिकोणांवर ज्यांची पकड आहे त्यांनी त्रिकोण घेतले, संख्याशास्त्र ज्यांना आवडीने शिकवता येते त्यांनी ते घेतले. आमच्या शाळेचे अतिथी शिक्षकही मुलांबरोबर मागच्या बाकावर बसून नोंदी घेत असत, आणि पुढच्या आठवड्यात त्याच पद्धतीने वर्गात उजळणी करून घेत. म्हणजे एका रविवारी मुलेही शिकली आणि शिक्षकही घडला. हा लाभ कोणत्याही खासगी शिकवणीत मिळणार नाही, कारण तिथला शिक्षक आपली हातोटी दुसऱ्या शिक्षकाला द्यायला बांधलेला नसतो.

विज्ञानाच्या बाबतीतही हेच घडले. ज्या शाळेत प्रयोगशाळा धड आहे, तिथे इतर शाळांची मुले नेऊन विद्युत मंडल आणि भिंगांचे प्रयोग प्रत्यक्ष करून घेतले गेले. पाठ्यपुस्तकातील आकृती पाहून अपवर्तनाचे किरण काढणारी आणि काचेच्या ठोकळ्यातून टाचण्या लावून तो किरण स्वतः शोधून काढणारी, या दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत फरक पडतोच. सामाजिक शास्त्राची व्याख्याने मात्र मला सामान्य वाटली. तिथे मुद्दे फळ्यावर उतरवून घेण्यापलीकडे फारसे काही झाले नाही.

सराव परीक्षांची व्यवस्था हा उपक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. दहावीची परीक्षा ६२५ गुणांची असते. पहिल्या भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. त्यातले २५ किंवा २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते बहुतेकांना मिळूनच जातात, म्हणून खरी कसोटी लेखी परीक्षेची. गणिताची ८० गुणांची प्रश्नपत्रिका घ्या. त्यात ३८ प्रश्न आणि वेळ सव्वातीन तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटे वाचनाची. एक गुणाचे सोळा, दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे नऊ, चार गुणांचे चार आणि शेवटचा एक पाच गुणांचा. ही रचना मुलांना माहीत असते, पण तिच्यात वेळ कसा वाटून घ्यायचा हे सरावाशिवाय कळत नाही. उपक्रमातील सर्व प्रश्नपत्रिका याच साच्यात, मराठीतून, शाळांतील शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या होत्या. बाजारात मिळणाऱ्या काही प्रश्नसंचांत मराठी अनुवाद इतका ओढूनताणून केलेला असतो, की प्रश्न समजण्यातच मुलाची पाच मिनिटे जातात. इथे तो त्रास नव्हता.

उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत तर मला विशेष आवडली. आमच्या शाळेच्या उत्तरपत्रिका निपाणीकडच्या शाळेत तपासल्या जात आणि तिकडच्या बेळगाव तालुक्यात. नाव नाही, फक्त क्रमांक. आपल्या शाळेतल्या हुशार मुलीला ओळखून अर्धा गुण जास्त देण्याचा मोह आणि वर्गात त्रास देणाऱ्या मुलाच्या पेपरकडे आधीच कपाळाला आठी घालून पाहण्याची सवय, या दोन्हींना त्यामुळे जागा उरत नाही. तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेला एक कागद जोडलेला असे. त्यावर प्रश्नवार गुण आणि चूक कोणत्या प्रकारची आहे याची खूण : संकल्पना समजलेली नाही, आकडेमोड चुकली, पायरी गाळली, की प्रश्नच नीट वाचलेला नाही. माझ्या मुलीचे गुण पायऱ्या गाळण्यात जात होते. मूलभूत समप्रमाण प्रमेयाची सिद्धता तिला येत होती, पण पक्ष आणि साध्य लिहायचे ती विसरत असे, आणि आलेखाच्या प्रश्नात अक्षांना प्रमाण न लिहिता सरळ रेषा काढून मोकळी होत असे. तिच्या शाळेत हे कुणी पाहिले नव्हते असे नाही. परंतु ओळखीच्या हाताने दिलेली सूचना आणि अनोळखी हाताने कापलेला गुण यांचा परिणाम सारखा होत नाही. तिसऱ्या सराव परीक्षेपर्यंत तिची ही सवय सुटली.

या कडकपणाची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. २०२३ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८३.८९ टक्के होता, तो २०२४ मध्ये ७३.४० टक्क्यांवर आला. परीक्षा केंद्रांतील वर्गांवर कॅमेऱ्यांतून थेट देखरेख ठेवण्यास त्याच वर्षी सुरुवात झाली होती. ज्या केंद्रांवर मुलांना आजूबाजूची मदत गृहीत धरता येत होती, तिथली सवय एका वर्षात मोडली. अशा वेळी तयारीच खरी हवी, आणि अनोळखी शाळेत, अनोळखी पर्यवेक्षकासमोर, पूर्ण वेळ बसून पेपर लिहिण्याचा सराव मुलांना आधीच मिळालेला असणे फार मोलाचे आहे.

कन्नड विषयाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. आमच्या पश्चिम भागातील गावांत घरी, शेतात, देवळात सगळीकडे मराठीच कानावर पडते. कन्नडशी मुलाची गाठ शाळेच्या तासापुरतीच. त्यामुळे गणित-विज्ञानात बरे गुण घेणारी मुलेही कन्नडच्या पेपरात कशीबशी तरून जातात, आणि त्याचा भार एकूण टक्केवारीवर पडतो. या उपक्रमात कन्नडसाठी एका कन्नड माध्यमाच्या शाळेतील बाईंना बोलावले होते. त्यांनी व्याकरणाच्या नियमांपासून सुरुवात न करता पत्रलेखन, निबंध आणि उताऱ्यावरील प्रश्न यांपासून केली, मुलांना छोट्या छोट्या वाक्यांत बोलते केले, आणि चुकल्यावर हसू न देता पुन्हा म्हणायला लावले. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, “बाबा, आज पहिल्यांदा कन्नडमध्ये पूर्ण पत्र मी न बघता लिहिलं.” भाषेच्या प्रश्नावरून आपल्या भागात आजवर जे काही झाले, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण या राज्यात शिकणाऱ्या, पुढे इथल्या कॉलेजांत, कार्यालयांत वावरणाऱ्या मुलाला कन्नड नीट येणे हे त्याच्या हिताचे आहे, आणि मराठी शाळांनीच पुढाकार घेऊन ते शिकवण्याची सोय करावी, याचे मला मनापासून समाधान वाटले. इंग्रजीचे तास तुलनेने परीक्षेपुरतेच राहिले. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता अडचणी. सर्वांत मोठी अडचण अंतराची. तिन्ही तालुक्यांत मिळून मोजकीच केंद्रे असल्यामुळे जांबोटी, कणकुंबी किंवा गुंजी भागातील मुलांना रविवारी पहाटेच घर सोडावे लागते. शाळेच्या दिवशी जी बस असते ती रविवारी असेलच असे नाही, आणि परतताना शेवटची गाडी चुकली तर मुलींच्या पालकांची काळजी वेगळी सांगायला नको. आमच्या गावातील पालकांनी मिळून एक वडाप, म्हणजे भाड्याची खासगी गाडी, ठरवले. ते ज्यांना जमले नाही त्यांची मुले अर्ध्यावरच थांबली. ज्यांना या व्याख्यानमालेची सर्वाधिक गरज आहे, त्याच जंगलपट्ट्यातील मुलांपर्यंत ती सर्वांत कमी पोहोचते, ही गोष्ट आयोजकांनी मनावर घ्यायला हवी. पावसाळ्यात तर तिकडचे नाले भरले की शाळाच बंद राहतात, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि नोव्हेंबरमध्ये सुरू होणाऱ्या व्याख्यानमालेत ही मुले पहिल्या दिवसापासूनच दोन प्रकरणे मागे असतात. त्यांच्यासाठी एखादे फिरते केंद्र, किंवा दसऱ्याच्या सुट्टीत चार-पाच दिवसांचा निवासी वर्ग, हे अशक्य नाही.

व्याख्यानांचे चित्रीकरण करून मोबाईलवर पाठवले जाते, हा त्यावर उपाय म्हणून सांगितला जातो. चित्रीकरणाचा हेतू चांगला असला तरी दर्जा यथातथाच आहे. फळा दिसतो पण शिक्षकांचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडतो, आणि आमच्याकडे तासाभराचा व्हिडिओ उतरवून घ्यायला नेटवर्क शोधत टेकडीवर जावे लागते. पंधरा-पंधरा मिनिटांचे, एकेका उदाहरणाचे तुकडे करून पाठवले असते तर ते कितीतरी उपयोगी पडले असते. छापील प्रश्नसंचांतही काही आकृत्या पुसट आल्या होत्या. भूमितीच्या एका प्रश्नात बिंदूंची नावेच वाचता येत नव्हती. शिवाय एका केंद्रावर मुलांची गर्दी इतकी झाली, की मागच्या रांगांना शंका विचारायची संधीच मिळत नसे. शुल्क म्हणाल, तर छपाईचा खर्च तेवढा पालकांकडून घेतला जातो, आणि तो कुणालाही जड वाटावा असा नाही. शिक्षक रविवारच्या दिवशी विनामोबदला येतात. हे लक्षात ठेवूनच वरील त्रुटी मी नोंदवतो आहे.

दहावीनंतर काय, या प्रश्नापाशी आल्यावर मात्र माझे समाधान संपते.

२०२५-२६ या वर्षापासून दहावी उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ३० टक्के आणि एकूण सरासरी ३३ टक्के, म्हणजे ६२५ पैकी २०६ गुण पुरेसे ठरतात. त्यामुळे उत्तीर्ण होणे आणि पुढच्या शिक्षणाला तयार असणे, यांतले अंतर आणखी वाढले आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत या अंतरात भाषेची भर पडते. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल जूनमध्ये पीयूसी विज्ञानाच्या वर्गात जाऊन बसते आणि त्याच्यापुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे सगळे एकदम इंग्रजीतून सुरू होते. आशय तसा अनोळखी नसतो. राज्याची दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तके राष्ट्रीय अभ्यासक्रमावर बेतलेली आहेत आणि पीयूसीचीही तीच परंपरा पुढे चालवतात. वर्गसमीकरण, त्रिकोणमिती, अपवर्तन, ऑक्सिडीकरण हे सारे मुलाला ठाऊक असते. परंतु ते ज्या नावांनी ठाऊक असते, त्या नावांनी तिथे कुणी हाक मारत नाही. माझ्या मुलीने दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवले होते. तरीही पीयूसीच्या पहिल्या काही आठवड्यांत ती रोज संध्याकाळी दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून, आज वर्गात जे बोलले गेले ते दहावीतल्या कोणत्या पानावरचे होते, हे शोधत बसलेली असे. तिच्याबरोबर गेलेल्या एका मुलाने दोन महिन्यांत विज्ञान सोडून कला शाखेत नाव घातले. त्याला गणित येत नव्हते असे मी म्हणणार नाही; तो प्रमेये तोंडपाठ सांगणारा मुलगा होता. पहिल्या चाचणीत प्रश्नच न समजल्यामुळे त्याचा धीर सुटला.

ज्या शाळा एकत्र येऊन दहावीचा पेपर एकमेकींकडे तपासायला देऊ शकतात, त्यांना हा पूल बांधणे मुळीच अवघड नाही. परीक्षा संपल्यापासून पीयूसीचे वर्ग सुरू होईपर्यंत हाताशी सुट्टी असते. त्या काळात गणित आणि विज्ञानाची मूलतत्त्वे इंग्रजी संज्ञांसह पुन्हा शिकवणारा तीन-चार आठवड्यांचा वर्ग घेता येईल. त्याहून सोपे म्हणजे, आठवीपासूनच प्रत्येक प्रकरणाअखेर त्यातील इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्याव्यात. इंग्रजीच्या तासाला कवितांच्या सारांशाइतकाच वेळ विज्ञानाचा एखादा इंग्रजी उतारा वाचण्याला दिला, तरी फार मोठा फरक पडेल. मराठी माध्यम सोडून द्यावे, असे मी सुचवत नाही. मातृभाषेतून पाया भक्कम होतो, हे मी माझ्या मुलीच्या बाबतीत पाहिले आहे. पण त्या पायावर पुढचा मजला चढवण्याची तजवीज माध्यम निवडणाऱ्या शाळांनीच करायला हवी.

उपक्रमात ‘दहावीनंतर पुढे काय’ या विषयावर एक सत्र झाले खरे. त्यात सत्कार, मनोगते आणि प्रेरणादायी भाषणे यांना जेवढा वेळ मिळाला, तेवढा माहितीला मिळाला नाही. पालक म्हणून आम्हाला जे हवे होते ते अगदी साधे होते. कर्नाटकच्या सीईटीत पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के आरक्षण असते. आपल्या खेड्यांतील कितीतरी मुले त्यात बसू शकतात. त्यासाठी शाळेच्या नोंदी सॅट्स या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीत बिनचूक असाव्या लागतात, आणि गरज पडल्यास अभ्यास दाखल्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. हे काम दहावीचा दाखला घेतानाच पुरे केले तर दोन वर्षांनी ऐन प्रवेशाच्या वेळी बेळगाव-खानापूरच्या फेऱ्या वाचतात. कन्नड माध्यमासाठी जे वेगळे ५ टक्के आरक्षण आहे ते मराठी माध्यमाच्या मुलांना मिळत नाही, हेही आधीच कळलेले बरे, म्हणजे खोटी आशा राहत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र पात्रता गट आहे. पण त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, आणि त्या परीक्षेची तयारी कर्नाटकच्या सीईटीबरोबर कशी जमवायची, याचा विचार पीयूसीच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, आयटीआयमधून बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यांकडे वाट जाते. विज्ञान शाखेच्या दडपणाखाली या वाटा मुलांना कुणी दाखवतच नाही. यातली प्रत्येक गोष्ट एका कागदावर छापून देता आली असती.

आठवीतील एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचेही तेच. सरकारी आणि अनुदानित शाळांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्या पीयूसीच्या मुलाचा पास, वह्या-पुस्तके आणि डबा यांचा बराचसा खर्च त्यातून निघू शकतो. ही परीक्षा बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन पेपरांची, प्रत्येकी ९० प्रश्नांची असते. दहावीच्या सराव परीक्षांसाठी जी यंत्रणा उभी राहिली आहे, तीच थोडी वाढवून आठवीसाठी वापरली, तर मुलाच्या कॉलेजची तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षीच सुरू होईल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहरात २००८ साली तिथला शालेय जिल्हा, सिटी कॉलेज आणि राज्य विद्यापीठ यांनी मिळून एक जाहीर वचन दिले. ठरलेली पात्रता पूर्ण करणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेशाची हमी, सिटी कॉलेजात पहिल्या सत्राची फी माफ, आणि चौथी-पाचवीच्या मुलांना कॉलेज दाखवायला नेणे, असे त्याचे स्वरूप होते. तिथली साधने वेगळी आणि व्यवस्थाही वेगळी, त्यामुळे त्याची नक्कल इथे होणार नाही. तरीही शाळा आणि कॉलेज यांनी एका टेबलाशी बसून, अमुक मूल आमच्याकडून तुमच्याकडे येणार आहे, त्याला काय येते आणि काय येत नाही, एवढे बोलणे तर आपल्याकडेही शक्य आहे. बेळगावात पदवीपूर्व कॉलेजे भरपूर आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे आणि राणी चन्नम्मा विद्यापीठही इथेच. खानापूरच्या किती मुलांनी दहावीपूर्वी यातल्या एकाचे तरी आवार आतून पाहिले आहे? संयुक्त उपक्रमाच्या एका रविवारी एका पीयूसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना नेले आणि तिथल्या प्राध्यापकांनी तासभर इंग्रजीतून, मग पुन्हा अर्धा तास मराठीतून शिकवले, तर जूनमधला तो पहिला धक्का निम्म्याने कमी होईल, असे मला खात्रीने वाटते.

हे सर्व मी आयोजक शाळांच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे. त्यांनी मे महिन्यात पूर्वतयारी वर्ग घेण्याच्या सूचनेचे स्वागत केले. शिक्षकांच्या सुट्ट्या आणि जागेची सोय या दोन अडचणी त्यांनी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. सध्या पीयूसी किंवा पदवीला शिकणारी आपल्याच शाळांची माजी मुले या वर्गात शिकवायला तयार होतील, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. तिने स्वतःचे नाव दिले आहे.

ज्यांना यंदा नोंदणी करायची आहे त्यांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडेच चौकशी करावी. बाहेरून स्वतंत्र नोंदणी घेतली जात नाही. शाळा अजून सहभागी नसेल तर पालकांनी शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत विषय मांडावा, कारण सहभागाचा निर्णय शाळेचा असतो आणि तो दिवाळीपूर्वी झाला तरच शिक्षकांची आणि प्रकरणांची वाटणी त्या शाळेला धरून करता येते. लांबच्या गावांतील पालकांनी एकत्र येऊन वाहनाची सोय आधीच ठरवावी. तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि त्यांना जोडलेले कागद जपून ठेवावेत, आणि दर वेळी गुणांच्या बेरजेआधी चुकांच्या खुणा मुलाबरोबर बसून वाचाव्यात. ज्यांची मुले विज्ञान शाखेकडे जाणार आहेत त्यांनी पूर्वतयारी वर्ग सुरू होण्याची वाट न पाहता, दहावीच्या विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांची इंग्रजी आवृत्ती आत्ताच मिळवावी आणि मराठी पुस्तकाशेजारी ठेवून रोज एक पान वाचायला लावावे.